जेवणाआधीची मुंबई: खोताची वाडी आणि म्हातारपाखाडी

शुक्रवार, रात्र

नाशिकहून दुपारची गाडी धरली आणि दिवेलागणीनंतर गिरगावात मैत्रिणीच्या घरी पोचले. कॉलेजातल्या आम्हा मैत्रिणींचं खूप वर्षांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. शनिवारी गिरगावात हिच्याकडे, रविवारी माझगावात दुसरीकडे. दोन्ही दिवस सकाळ मोकळी होती आणि तिचं काय करायचं ते मी निघण्याआधीच ठरवलं होतं. नाताळ आठवड्यावर आला होता. या दिवसांत मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती वाड्या पायी बघायच्या, घाई करायची नाही, आणि भूक लागली की जेवायला हजर व्हायचं.

बेत ऐकून काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, एवढंच म्हणाल्या, "फिरा हवं तेवढं. पण साडेबाराला पानं मांडणार. बाहेर पोट भरून आलात तर माझ्याशी गाठ आहे."

शनिवार, गिरगाव

डिसेंबरातली मुंबईची सकाळ नाशिककरांना थंडी वाटत नाही, पण चालायला तिच्याइतकी चांगली हवा वर्षभरात दुसरी नाही. घाम नाही, ऊन कोवळं, समुद्राकडून आलेला वारा गल्लीच्या तोंडाशी अंगाला लागतो. ठाण्याची मैत्रीण पहिल्याच लोकलने चर्नी रोडला उतरली होती. काकूंचा दम लक्षात ठेवून विनय हेल्थ होममध्ये तिघींत एकच मिसळ घेतली. तिखट आहे पण घसा जाळत नाही, आणि रस्सा मागितला की तोंड वाकडं न करता वाढतात. गिरगावात सकाळ काढायची तर सुरुवात इथूनच करावी.

ठाकूरद्वारावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने चालत गेलो. दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, बेस्टच्या बसचा हॉर्न, हातगाड्या, ताज्या भाजीवर शिंपडलेलं पाणी. गिरगाव चर्चला, म्हणजे सेंट तेरेसाला, कागदी तारे टांगून झाले होते. तिथून जवळच खोताच्या वाडीत शिरणारी बोळ आहे. पाटी बघत चाललं नाही तर सहज पुढे निघून जाल, इतकी ती साधी आहे.

आत वीसेक पावलं गेलो आणि रस्त्याचा आवाज मागे राहिला. कुकरची शिट्टी, कुठेतरी कुणी गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटतंय, आणि कावळे. बोळ इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर एकाने अंग चोरून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना एकमजली घरं, पुढे ओटी, वर उतरती कौलं. भिंती पिवळ्या, निळ्या, विटकरी, एखादी गर्द हिरवी.

सगळ्यात जास्त वेळ मी एका जिन्यासमोर उभी होते. या घरांचा जिना घराच्या बाहेरून चढतो. पहिली पायरी दगडाची, पुढच्या सगळ्या लाकडाच्या, आणि प्रत्येक पायरी मधोमध थोडी खोलगट झालेली. कठड्याचा रंग वरच्या टोकाला शाबूत होता, खाली मात्र हात टेकून टेकून लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं. कठड्याच्या नक्षीत एक फळी नवी बसवलेली होती, कापणी तीच पण धार अजून कोरी. कुणीतरी सुतार शोधून, नमुना दाखवून, पैसे मोजून ती करून घेतली असणार. वाडी टिकते ती अशा एकेका फळीवर.

वाडीचा इतिहास थोडक्यात सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथली जमीन पाठारे प्रभू ज्ञातीतल्या एका खोताकडे होती. त्याने तिचे तुकडे पाडून ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना घरं बांधायला दिले, म्हणून ही खोताची वाडी. एकेकाळी इथे अशी ६५ घरं होती असं सांगतात. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. जी गेली त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि आता वाडीत कुठेही उभं राहून वर पाहिलं की कौलांच्या मागे उंच टॉवर दिसतोच. याचा दोष मी राहणाऱ्यांना देणार नाही. लाकडी घराची दुरुस्ती महाग असते, वाटणीत एका घराचे पाच मालक होतात, आणि दारात बिल्डर उभा असतो. "वारसा जपा" म्हणणाऱ्यांनी कौलं बदलण्याचा खर्च कोण करणार हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

वाडीतल्या क्रूसाशेजारी मुलं नाताळाचा गोठा उभारत होती. बांबूच्या कामट्या, पेंढा, खोक्यांचे डोंगर. आणि एका बाजूला पत्र्याच्या ताटांतून नाचणी पेरून उगवलेलं बोटभर उंचीचं हिरवंगार गवत. गोठ्याभोवती कुरण म्हणून ते लावतात. बरेच दिवस आधी पेरायचं, रोज पाणी शिंपडायचं, नाताळापर्यंत बरोबर उंची येते. मी नवरात्रात घटाला नऊ धान्यं पेरते. ताटाच्या कडेला बोट लावून ओल बघणारी ती मुलगी आणि घटाच्या मातीची ओल बघणारी मी, दोघींचा हात अगदी सारखा फिरत होता. मुलांमध्ये चाळीतलीही दोघं-तिघं होती आणि भांडण चाललं होतं ते फक्त मेंढ्या कुठे ठेवायच्या यावर.

आम्ही बघत उभ्या राहिलो तेवढ्यात समोरच्या ओटीवरून हाक आली, "कुणाकडे आलात गो?"

ऐंशीच्या पुढच्या एक बाई. फुलाफुलांचा झगा, केसांचा छोटा अंबाडा, मांडीवर सुपात तांदूळ. कुणाकडे नाही, नुसत्याच बघायला आलो म्हटलं तर आधी त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "फोटो काढायच्या आधी विचारलंत तर बसा." शनिवार-रविवारी लोक येतात, त्यांच्याच पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या मुलीने एकदा कपडे बदलायला आतली खोली मागितली होती. "घर आहे ना हे? मी भाजी निवडत बसलेली आणि हे म्हणतात, आजी, जरा बाजूला व्हा."

आम्ही फोन पिशवीत टाकले आणि ओटीच्या कडेला टेकलो. पुढचा पाऊण तास म्हणजे या प्रवासातला सर्वांत चांगला वेळ. त्यांच्या आईचं लाल चौकड्यांचं लुगडं अजून कपाटात आहे, घरातलं लग्न असलं की सुना-नाती नेसतात. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. पूर्वी वाडीजवळच्या विहिरी वापरात होत्या, आता पाणी कुठून आणायचं यावरच घरात चर्चा होते. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच आगरी-कोळी बोलीचा हेल यायचा, मध्येच एखादा इंग्रजी शब्द, आणि मुलाला दटावताना निव्वळ गिरगावकरी.

ठाण्याच्या मैत्रिणीने विचारलं, "आजी, तुमचे पूर्वज पोर्तुगालचे का?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो, म्हणून उत्तर जसंच्या तसं लिहिते. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आम्ही इथलेच. ते आले, धर्म दिला, गेले. आम्ही कुठे गेलो?"

आणि खरोखर तसंच आहे. वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरची ही मूळची कोळी, आगरी, भंडारी, शेतकरी मंडळी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, घेतलं. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले जुने रहिवासी आहोत हे इंग्रज सरकारच्या दरबारी कळावं म्हणून. आपण मात्र ही घरं पाहिली की "अगदी परदेशात आल्यासारखं वाटतं" असं लिहितो. मला हे वाक्य आता टोचतं. ओटी, पडवी, कौलं, लुगडं, विहिरीचं पाणी, पेरलेलं धान्य: यात परदेश कुठे आहे?

निघताना आजींनी आयडियल वेफर्सचं दुकान दाखवलं. वाडीतच आहे. गरम वेफर्सची पुडी घेतली आणि काकूंच्या घराच्या दारापर्यंत पोचायच्या आत ती संपवली.

वाटेत केशवजी नाईकांच्या चाळीत पाच मिनिटं थांबलो. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथे सुरू झाला. गणपतीत इथे पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात चौक रिकामा, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि एका कोपऱ्यात झोपलेलं मांजर. चाळीची रचना बघायची असेल तर हीच वेळ योग्य.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड जवळ आहेच, शिवाय मेट्रो ३ चं गिरगाव स्थानक झाल्यापासून उपनगरांतून येणं फार सोपं झालं आहे. गाडी अजिबात आणू नका, लावायला जागा नाही. सकाळी नऊ ते साडेअकरा ही चांगली वेळ. दुपारी लोक झोपतात आणि त्यांना झोपू द्यावं. चार-पाचांपेक्षा मोठा गट नको. दारं, खिडक्या, माणसं यांचे फोटो विचारून घ्या, आणि कुणी नाही म्हटलं तर पुन्हा विचारू नका. सार्वजनिक स्वच्छतागृह जवळपास मिळेलच असं नाही, तेव्हा हॉटेलातून निघतानाच सोय बघावी.

साडेबाराला पानं खरंच मांडलेली होती. काकू पाठारे प्रभू, म्हणजे ज्या ज्ञातीतल्या खोताची ती वाडी, त्याच ज्ञातीच्या. कोबी-कोळंबीचं भानोलं, बोंबलाचं खडखडलं, वरण, भात, लिंबाचं लोणचं. भानोल्याच्या कडा खरपूस आणि आत कोळंबी मऊ राहिलेली. बेसन इतकंच की सगळं धरून राहावं. वास ओळखीचा होता पण नेमका कशाचा ते कळेना. काकूंनी बरणी पुढे केली: परभी सांबार. दक्षिणेतल्या सांबाराशी त्याचा संबंध नाही, हा त्यांचा रोजचा मसाला. धणे, मिरच्या, हळद, हिंग, आणि भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. "गहू?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "रस्सा दाटतो आणि चव धरून ठेवतो. गव्हाशिवाय सांबार होतच नाही." मी ते मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

रविवार, माझगाव

रविवारी हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता धरूनच चालावं. आदल्या रात्री वेळापत्रक बघितलं आणि सरळ टॅक्सी केली. गाड्या चालू असतील तर डॉकयार्ड रोड स्थानकासारखं सोयीचं काही नाही, उतरलं की टेकडी समोरच.

आधी टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात चढलो. पाण्याच्या मोठ्या जलाशयाच्या माथ्यावर ही बाग आहे. इंग्रजांनी १६८० च्या सुमारास इथे किल्ला बांधला आणि १६९० मध्ये सिद्दी याकूतखानाने तो पाडला. आज त्याचा मागमूस नाही, पण वर उभं राहिल्यावर किल्ला इथेच का बांधला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. खाली गोदीच्या क्रेन, बांधणीत असलेली जहाजं, पलीकडे बंदराचं राखाडी पाणी. हवेत धुरकट पट्टा होता, पलीकडचा किनारा दिसला नाही.

बाकावर गोदीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. मूळचे संगमेश्वरचे. कामावर होते तेव्हा भोंग्यावर घड्याळ लावायचे, आता रोज सकाळी वर येऊन कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं ते बघतात. "बागेला ज्यांचं नाव आहे ते कोण होते माहितेय का?" त्यांनीच आम्हाला विचारलं आणि मग स्वतःच सांगितलं, अभिमानाने.

काका बॅप्टिस्टा. जन्म १८६४, याच टेकडीच्या पायथ्याशी, म्हातारपाखाडी या जुन्या ख्रिस्ती वस्तीत. बॅरिस्टर, टिळकांचे जिवाभावाचे मित्र आणि कायद्याच्या लढाईतले सल्लागार. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. कामगार चळवळीत पुढे, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. आदल्या दिवशी आम्ही केशवजी नाईकांच्या चाळीत उभ्या होतो. तिथल्या उत्सवामागची प्रेरणा ज्यांची, त्यांचाच हा सोबती, ईस्ट इंडियन पाखाडीतला. शाळेत आम्हाला होमरूल शिकवलं, अध्यक्षाचं नाव सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

टेकडी उतरून म्हातारपाखाडीत शिरलो. खोताच्या वाडीपेक्षा इथे येणारे कमी, त्यामुळे कुणी संशयाने बघत नाही. चर्चमधली सकाळची मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपून माणसं परतत होती: इस्त्रीचे शर्ट, मुलींच्या केसांत रिबिनी, हातात पावाच्या पिशव्या. पाखाडीच्या मध्यावर पवित्र क्रूसाचं प्रार्थनास्थळ आहे. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा वस्त्यावस्त्यांत लोकांनी असे क्रूस उभारले, जुन्यांची डागडुजी केली, रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना म्हटल्या. आजही क्रूसासमोर ताजी झेंडूची माळ असते.

घरं तशीच, बाहेरून जिना, लाकडी सज्जे, पण इथे मध्येमध्ये मोकळी जागा जास्त आहे. एका अंगणात आंबा, एका दारात पेरू. दोन घरांच्या मधल्या पायवाटेवर कोंबड्या फिरत होत्या. एका सज्जात चार पोरं आणि एक गिटार, नाताळच्या गाण्यांची तालीम. चुकलं की खालून कुणीतरी स्वयंपाकघरातूनच सूर दुरुस्त करून सांगायचं.

माझगावच्या मैत्रिणीने जेवण इथल्याच एका घरून सांगितलं होतं आणि ते आणायचं काम आमच्याकडे होतं. हे तिने मुद्दाम केलं, कारण त्यामुळे आम्हाला स्वयंपाकघरात उभं राहायला मिळालं. फुग्या तळणं चालू होतं. मैदा, अंडी, थोडं नारळाचं दूध, रात्रभर फुगवलेलं सैलसर पीठ. पूर्वी ते फुगवायला ताडी घालत, आता यीस्ट. बाई डाव्या मुठीत पीठ घ्यायच्या, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर यायचा, ओल्या बोटाने तो तोडून तेलात. तेलात पडला की दोन क्षण तळाशी, मग वर येऊन एक बाजू तपकिरी झाली की गोळा आपला आपण कुशीवर वळायचा. झारा लावावाच लागत नव्हता. बोलता बोलता, आमच्याकडे बघत, त्यांनी परातभर फुग्या काढल्या.

मी बॉटल मसाल्याचं विचारलं. कपाटातून त्यांनी गडद तपकिरी काचेची बाटली काढली. मसाला एप्रिल-मेच्या उन्हात करायचा, मिरच्या आणि बाकी जिन्नस वाळवायचे, वेगवेगळे भाजायचे, कुटायचे आणि बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. गडद काचेमुळे रंग उडत नाही, ठासून भरल्याने हवा शिरत नाही, वर्षभर टिकतो. पूर्वी कुटायला बायका घरोघर यायच्या, गाणी म्हणत कुटायच्या. आता गिरणी. जिन्नस किती, तर प्रत्येक घरचे वेगळे, आणि प्रमाण कुणी सांगत नाही. पण काही नावं त्यांनी सांगितली: काश्मिरी मिरची, धणे, हळद, दगडफूल, नागकेशर, "आणि गहू, हरभऱ्याची डाळ."

मी आणि गिरगावची मैत्रीण एकमेकींकडे बघितलं. तिथूनच काकूंना फोन लावला. पलीकडून काकूंचं पहिलं वाक्य, "मग? शेजारी ना ते आमचे!" आणि मग दोघी, एक गिरगावात, एक माझगावात, एकमेकींना कधी न भेटलेल्या, गहू आधी भाजायचा की डाळ यावर दहा मिनिटं बोलत राहिल्या. फुग्या तोवर धाकट्या जावेने तळल्या.

जेवण मैत्रिणीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, गॅलरीतून पाखाडीची कौलं दिसतील अशा जागी. कोंबडीची खुडी, फुग्या, कांदा-काकडी, साधा भात. खुडीचं वाटण भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं, आपल्या घरच्या वाटणासारखंच, पण मसाल्याचा तिखटपणा जिभेवर उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो. फुगी हाताने फाडून रश्श्यात बुडवायची; ती किंचित गोड असते, त्यामुळे तिखटाला जोड मिळते. पानात चमचा लागत नाही.

जेवण घरून मागवायचं असेल तर आधी दोन दिवस सांगावं लागतं, नाताळाच्या दिवसांत आठवडाभर. शाकाहारी असाल तर ते आधीच स्पष्ट सांगा. फुग्यांच्या पिठातही अंडं असतं. नाताळाच्या आसपास नेवऱ्या, कुलकुल, मार्झिपान घरोघर विकायला असतात, पाखाडीत विचारलं की लोक घर दाखवतात. मसाला मात्र डिसेंबरात मिळाला तर शेवटचा साठा असतो. नवा हवा तर उन्हाळ्यात.

म्हणून मी आगाऊ सांगून आले. मिरचीचा भाव एप्रिलमध्ये ठरेल, मग त्या फोन करतील. मला एक किलो, ठाण्याच्या मैत्रिणीला अर्धा. काकूंनी दोन किलो सांगितलाय आणि बदल्यात आपलं सांबार पाठवायचं कबूल केलंय. बाटल्या घ्यायला मे महिन्यात जायचं आहे; त्या वेळी काकूही बरोबर येणार आहेत, गहू कुठल्या रंगावर भाजतात ते त्यांना स्वतः बघायचं आहे.